सॅन अँटोनियोचा अ‍ॅकॉर्डियन महोत्सव: ऐकताना कान कुठे ठेवायचा?

काळी_चार

नमस्कार मंडळी. मी पेटी वाजवते, भजनाला आणि नाट्यगीतांना साथ करते. टेक्सासला राहायला आल्यावर शेजारणीकडून सॅन अँटोनियोच्या आंतरराष्ट्रीय अ‍ॅकॉर्डियन महोत्सवाबद्दल कळलं. २००१ साली ला विलिता या जुन्या वस्तीत तो सुरू झाला, तोही विनातिकीट. तेव्हापासून तिथे सादर होत आलेल्या प्रकारांतलं जे हाती लागेल ते ऐकते आहे: कोन्हुंतो, केजन, झायडेको, टँगो, कोलंबियाचं वायेनातो, आयरिश.

अडचण अशी की तासाभराने सगळं एकसारखं वाटायला लागतं. कोणी पट्ट्या वाजवतं, कोणी बटणं, पण आवाजाची जात एकच. शिवाय एका बटणातून दोन वेगळे सूर निघताना पाहिले आणि चक्रावलेच. मला देशांची यादी नको आहे. कान कुठे ठेवू ते सांगा. आणि कार्यशाळेत बसायची संधी मिळाली तर कोणतं वाद्य हातात घेऊ?

डावा_हात

ताई, तुम्ही पेटीवाल्या आहात म्हणून तुमच्याच वाद्यापासून सुरू करतो. पेटीत डावा हात भात्यात अडकलेला असतो. भाता कसाही हलवा, हवा पत्तीवरून, म्हणजे थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या पातळ जिभेवरून, एकाच दिशेने जाते, त्यामुळे पट्टीचा सूर बदलत नाही. अ‍ॅकॉर्डियनमध्ये डावा हात भाताही ओढतो आणि खर्जाची बटणंही दाबतो. शिवाय हवा दोन्ही दिशांनी वाहते आणि प्रत्येक दिशेची पत्ती निराळी. पट्ट्यांच्या अ‍ॅकॉर्डियनमध्ये त्या दोन्ही पत्त्या एकाच सुरात लावलेल्या असतात. बटणांच्या बऱ्याच जुन्या घडणींमध्ये मात्र ढकलताना एक सूर, ओढताना दुसरा. तुम्ही चक्रावलात ते यामुळे.

आता कान कुठे ठेवायचा? माझं उत्तर एकच आहे: डाव्या हाताचं काम कोण करतंय ते ऐका.

सॅन अँटोनियोचं स्वतःचं संगीत म्हणजे कोन्हुंतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक टेक्सासमध्ये येऊन वसले. त्यांचा पोल्का हा जलद नाच आणि त्यांचं बटणांचं वाद्य इथल्या मेक्सिकन वादकांनी उचललं. १९३६ मध्ये अ‍ॅकॉर्डियनवादक नार्सिसो मार्तीनेस यांनी सान्तियागो आल्मेदा यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केलं. आल्मेदांच्या हातात बाहो सेक्स्तो होतं, बारा तारांचं, खर्जात बोलणारं गिटारसारखं वाद्य. नार्सिसोंनी डाव्या हाताची बटणं जवळजवळ सोडून दिली आणि ताल-खर्जाचं सगळं ओझं त्या तारांवर टाकलं. उजवा हात मोकळा झाला, सूर तुटक, लखलखीत, चपळ झाले. पुढे तोनी दे ला रोसा यांनी ड्रम आणले, पोल्क्याची लयही उतरवली, आणि नाचणाऱ्यांचे पाय जमिनीलगत सरकू लागले. २०२५ साली गेलेले फ्लाको हिमेनेस ऐका, इवा इबार्रा ऐका. दोघंही याच शहराचे. इवाबाईंना २०१७ चं राष्ट्रीय वारसा मानपत्र मिळालं. बायकांना फारसं कोणी वाव देत नव्हतं अशा क्षेत्रात त्या आयुष्यभर स्वतःचा संच घेऊन वाजवत राहिल्या. त्यांच्या स्वरसंगतीत अनपेक्षित वळणं येतात, म्हणून मला त्या फार जवळच्या वाटतात.

ऐकताना अ‍ॅकॉर्डियनकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा आणि फक्त बाहो सेक्स्तोच्या मागे जा. मग परत या. फरक लगेच लागेल.

खाडीकाठ

लुईझियानाच्या बाजूचं मी सांगते, कारण केजन (तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचं) आणि झायडेको (तिथल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं) हे दोन्ही एकाच डब्यात टाकले जातात आणि मला त्याचं वाईट वाटतं.

केजन वाद्य म्हणजे एका ओळीत दहा बटणं, वर पत्त्यांचे संच चालू-बंद करणाऱ्या चार खुंट्या. सूर मोजकेच आणि ढकल-ओढीचे. दर दोन-तीन सुरांनी भात्याची दिशा बदलावी लागते आणि नाचाला लागणारा तो झोका त्या अडचणीतूनच येतो. सोबत फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि लोखंडी त्रिकोण. १९२९ मध्ये आमेदे आर्दवां या कृष्णवर्णीय क्रिओल गायक-वादकाने डेनिस मॅगी या गोऱ्या फिडलवादकाबरोबर ध्वनिमुद्रण केलं. आजचं केजन आणि झायडेको दोन्हीही त्यांच्यापर्यंत मागे जातात.

झायडेकोत क्लिफ्टन शेनियर यांनी पट्ट्यांचा मोठा अ‍ॅकॉर्डियन घेतला. सगळे अर्धस्वर हाताशी आल्यामुळे ब्लूज वाजवता आला. त्यांचे भाऊ क्लीव्हलंड छातीवर खांद्यांना अडकवलेला पन्हळी पत्रा बाटल्या उघडायच्या ओपनरांनी घासत. तो छातीवरचा पत्रा क्लिफ्टननी १९४६ च्या सुमारास टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे एका वेल्डरकडून करून घेतला होता. तेव्हा डावा_हात म्हणतात ते इथेही लागू पडतं: ताल पत्र्याकडे गेला.

काळी_चार

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री नुसतं बाहो सेक्स्तो धरून ऐकलं. अ‍ॅकॉर्डियन थांबतो तिथे तारा जागा भरतात, हे आधी कधी कानावर आलंच नव्हतं. पण टँगोत हे सूत्र बसेना. तिथे डावा हात चांगलाच बोलतो आहे.

अर्धा_आवर्तन

टँगोत बसणार नाही, कारण ते वाद्यच अ‍ॅकॉर्डियन नव्हे, बांदोनेओन आहे. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हाइनरिख बांड यांच्या नावावरून ओळखलं जातं. नेहमीच्या घडणीत एकाहत्तर बटणं, त्यातली तेहेतीस डाव्या हाताला, आणि दाबलं की तयार कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) देणारं बटण एकही नाही. डाव्या हातानेही एकेक सूर शोधून वाजवायचा. टँगोचे रचनाकार आणि बांदोनेओनवादक आस्तोर पियासोला ऐकताना डावीकडे दुसरी चाल चाललेली असते ती यामुळे.

आणखी एक खूण. बहुतेक अ‍ॅकॉर्डियनमध्ये एका सुराला दोन पत्त्या किंचित वेगळ्या लावतात. एक ४४० हर्ट्झ, दुसरी ४४३, म्हणजे आवाज सेकंदाला तीनदा थरथरतो. पॅरिसच्या म्युझेत या नाचाच्या संगीतात ही थरथर भरपूर. बांदोनेओनमध्ये दोन पत्त्या एका सप्तकाच्या अंतराने असतात, थरथर नाही. म्हणून तो आवाज इतका सरळ आणि गंभीर.

वायेनातोतही डाव्या हाताला काम आहे. कोलंबियातल्या वाय्येदुपार शहराच्या स्पर्धेत, १९६८ साली आलेहो दुरान जिचे पहिले राजे ठरले, वादकाला चार प्रकार वाजवावे लागतात: पासेओ, मेरेंगे, सोन, पुया. सोनमध्ये खर्ज मुद्दाम पुढे आणतात. बाजूला काहा हा छोटा ढोल आणि खाचांवर घासायची ग्वाचाराका असूनसुद्धा.

डावा_हात

बांदोनेओनचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या सूत्राला उपयोगीच आहे. टँगोत डावा हात स्वतःच बोलतो, कोन्हुंतोत तो शेजाऱ्याकडे गेला. ऐकायचं तेच, उत्तर वेगळं मिळालं.

ताई, कार्यशाळेचं राहिलं. पट्ट्यांचा अ‍ॅकॉर्डियन तुम्हाला सोपा जाईल, पण तो घेऊ नका. बोटं ओळखीच्या जागी जातील आणि वाद्य पेटीच होऊन बसेल. एका ओळीचं दहा बटणांचं वाद्य मागा. पहिला तास एकच छोटी चाल वाजवा आणि भाता कुठे उलटतो तेवढंच बघा. डाव्या मनगटाचा पट्टा मात्र नीट आवळून घ्या, सैल राहिला तर भाता उलटताना प्रत्येक वेळी झटका बसतो.

खाडीकाठ

आणि तिथे त्रिकोण वाजवायला कोणी हात पुढे करत नसेल तर तुम्ही करा. केजनचा झोका अंगात शिरायला त्याच्यासारखी दुसरी जागा नाही.