सोसायटीत फ्लूची साथ, कमिटी म्हणतेय फवारणी करू. फायदा आहे का?

वाघबीळकर:
मंडळी, आमची सोसायटी घोडबंदर रोडला, २२ मजली टॉवर आहेत. पावसाने जोर धरल्यापासून प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी आडवं झालंय, एका घरात नातू उठतोय तोवर आजी पडतात. दोघातिघांची टेस्ट केली तर इन्फ्लुएंझा ए निघाला. आता कमिटीने कोटेशन मागवलंय, लॉबी, जिने, लिफ्ट सगळीकडे आठवड्यातून दोनदा धुरळणी आणि केमिकलची फवारणी, खर्च अर्थातच मेंटेनन्समध्ये लावणार. मला हे पटत नाहीये पण मीटिंगमध्ये नुसतं पटत नाही म्हणून कोण ऐकतंय. त्यात तीन आठवड्यांवर गणपती, आम्ही क्लबहाऊसमध्ये बसवतो, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, एसी फुल आणि आरतीला दोन्ही वेळा हॉल खच्चून भरलेला. नक्की काय करावं?

नेरुळची ताई:
मी हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोलला आहे म्हणून सांगते, धुरळणी डासांसाठी असते हो. डेंग्यूला ठीक, फ्लूला शून्य उपयोग. फ्लू पसरतो माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो त्याच्या थेंबांतून आणि बंद जागेत हवेत तरंगत राहणाऱ्या बारीक कणांमधून. तुम्ही सकाळी लॉबी फवारलीत आणि दहा मिनिटांनी एक जण लिफ्टमध्ये खोकला की झालं, पैसे पाण्यात. लिफ्टची बटणं, रेलिंग, गार्डचं अंगठा लावायचं मशीन हे पुसायला मात्र हरकत नाही, स्टील-प्लॅस्टिकवर हा व्हायरस २४ ते ४८ तास टिकू शकतो. पण त्याला हाऊसकीपिंगवाल्या मावशींचं नेहमीचं फडकं आणि लिक्विड पुरतं आणि आपण घरात शिरल्यावर साबणाने हात धुतले की बाकीचं काम होतं.
खरा लोचा तुमच्या त्या हॉलचा आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच तीच हवा गार करून फिरवतो. दोन समोरासमोरच्या खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, थोडं उकडेल, उकडू दे. लिफ्टमधला पंखा पण बघा, आमच्याकडे आवाज करतो म्हणून कोणीतरी बंदच करून ठेवला होता.
आणि लस घ्यायची असेल तर आत्ताच, अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. ज्येष्ठ, गरोदर बायका, दमा-डायबेटिसवाले आधी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देता येत नाही, म्हणून त्याच्या घरातल्यांनी घ्यायची. दरवर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस बदलतो तशी लसही बदलतात, तेव्हा बॉक्सवर कुठल्या सीझनची आहे ते बघून घ्या.

ऐरोलीचा सेक्रेटरी:
ताई बरोबर बोलल्या पण कमिटीच्या बाजूने पण बघा, लोकांना काहीतरी केलेलं दिसायला लागतं, धूर दिसला की शांत होतात. आम्ही गेल्या पावसाळ्यात धूर नाही केला, त्याऐवजी नोटीस काढली की कामवाल्या ताईंना, वॉचमनला ताप असेल तर सुट्टी द्यायची आणि पगार कापायचा नाही. यावर जेवढी भांडणं झाली तेवढी पार्किंगवरून पण झाली नसतील. पण विचार करा ना, एकच बाई एका विंगमध्ये पाच-सहा घरी भांडी करते, खाडा धरला तर ती क्रोसिन खाऊन येणारच. आणि उलटंही तेच, आपल्या घरात पेशंट असेल तर तिला आधी फोन करून सांगायला नको का?

कोपरखैरणे_सेक्टर:
लस वगैरे सब झूठ, मी घेतली तरी झाला.

नेरुळची ताई:
होऊ शकतो दादा, शंभर टक्के संरक्षण कोणी म्हणत नाहीये, ॲडमिट व्हायची वेळ येण्याची शक्यता कमी होते. आणि वाघबीळकर, एक राहिलंच. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून माणूस पसरवायला लागतो आणि पुढे पाच-सात दिवस, त्यामुळे आजारी माणूस ओळखून बाजूला काढू असं पूर्ण जमत नाही, हवा खेळती ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं. ज्याला ताप आहे त्याने गोळी न घेता २४ तास ताप नसेपर्यंत आरतीला येऊ नये, प्रसाद घरी पोचवा. नंतरही थोडे दिवस मास्क. घरात ज्येष्ठ कोणी तापले तर मनाने ॲंटिबायोटिक चालू करू नका, व्हायरसवर ते चालत नाही. डॉक्टरकडे लवकर न्या, फ्लूचं जे औषध आहे ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. धाप लागली किंवा गुंगी आली तर थेट हॉस्पिटल.

वाघबीळकर:
खूप आभार ताई, काका. रविवारच्या मीटिंगला मांडतो. फवारणीचं कोटेशन रद्द, त्या पैशात पोडियमवर ताडपत्रीचा मांडव घालून आरती बाहेरच घेऊ असं सुचवणार आहे. ग्रुपवर नुसतं बोललो तर पहिल्या मजल्यावरच्या एका काकांनी झांजांच्या आवाजाची तक्रार आत्ताच टाकलीये.