मदत हवी आहे: यूएन पेन्शनचं वार्षिक प्रमाणपत्र, दुहेरी ट्रॅक आणि भारतातला कर

माहुलीघाट:
नमस्कार मंडळी. आधी यूएनएचसीआर (यूएनची निर्वासितांसाठीची संस्था), मग डब्ल्यूएफपी (यूएनचा अन्न कार्यक्रम), आता निवृत्त आणि मुक्काम कायमचा सातारा. करासाठी मी पूर्ण रहिवासी आहे, आरएनओआरची (परदेशातून परतलेल्यांना सुरुवातीला मिळणाऱ्या करसवलतीच्या दर्जाची) मुदत संपली. पेन्शन डॉलरमध्ये अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनच्या खात्यात जमा होते. अडलंय ते असं:
१) सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंटचा (यूएन पेन्शन फंडाच्या वार्षिक हयातीच्या दाखल्याचा) फॉर्म टपालाने आलेलाच नाही. इथल्या बँकेतले म्हणतात, नोव्हेंबरात जीवन प्रमाण केलंत, झालं.
२) हात थरथरतो, सही पूर्वीसारखी येत नाही.
३) सीए म्हणतात पेन्शन पूर्ण करपात्र. खरं का?
४) रुपयाचा ट्रॅक (पेन्शन डॉलरबरोबर रुपयांतही मोजण्याची फंडाची सोय, म्हणजेच दुहेरी ट्रॅक) घ्यावा का?

टांगानिका:
जीवन प्रमाणचा इथे काडीचाही उपयोग नाही. ते भारतातल्या पेन्शन देणाऱ्या यंत्रणांसाठी आहे. पेन्शन फंड फक्त स्वतःचा फॉर्म किंवा स्वतःचं अ‍ॅप मानतो.

टपालाची वाट बघू नका. फंडाच्या वेबसाइटवर मेंबर सेल्फ सर्व्हिसमध्ये (तुमच्या ऑनलाइन खात्यात) शिरा, तुमचा त्या वर्षाचा फॉर्म तिथेच मिळतो. त्यावर बारकोड असतो आणि तो दरवर्षी बदलतो. गेल्या वर्षीच्या फॉर्मवर तारीख खोडून पाठवला तर नोंद होत नाही, बारकोड अर्धा कापला गेला तरी तेच. छापताना ‘फिट टू पेज’ ठेवा, म्हणजे कडा कापली जात नाही. शाईच्या पेनाने सही, खाली तारीख, मग स्कॅन करून सेल्फ सर्व्हिसमधूनच चढवा. सहीचं चित्र चिकटवू नका, ईमेलला जोडूनही पाठवू नका. आठवड्या-दोन आठवड्यांनी तिथेच पोच दिसते का ते बघा. ती दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका, कारण प्रमाणपत्र न पोचल्यास पेन्शन थांबते.

पत्ताही तिथेच तपासा, फॉर्म न येण्याचं कारण बहुतेकदा जुन्या ड्यूटी स्टेशनचा (नेमणुकीच्या ठिकाणचा) पत्ता हेच असतं. आणि फंड ‘यूआयडी’ मागतो तो त्यांचा नऊ आकडी नंबर. तिथे आधार नंबर टाकणारे कमी नाहीत!

सही फंडाकडच्या नमुन्याशी ताडतात. ती बदलत चालली असेल तर नमुना आत्ताच बदलून घ्या, फॉर्म परत आल्यावर धावाधाव नको. सही जमेनाशीच झाली तर अंगठा चालतो, पण तो डॉक्टर किंवा सरकारी अधिकाऱ्यासारख्या तिऱ्हाइताने साक्षांकित करावा लागतो. तुमच्या बाबतीत मी अ‍ॅपच सुचवेन. २०२१ पासून आहे. नावनोंदणीला एकदा व्हिडिओ कॉल होतो, ओळखपत्र हाताशी ठेवा. पुढे दरवर्षी एकदा चेहरा स्कॅन केला की झालं, सहीचा प्रश्नच उरत नाही. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो आणि स्कॅन फसतो. उजेड समोरून घ्या.

हिशेबनीस:
सीएंना १९४७ चा संयुक्त राष्ट्रे (विशेषाधिकार आणि उन्मुक्ती) कायदा दाखवा आणि सीबीडीटीचं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं) १० फेब्रुवारी १९८१ चं परिपत्रक क्र. २९३. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते निघालं आणि यूएनच्या माजी अधिकाऱ्याची पेन्शन करमुक्त आहे हे त्याने मान्य केलं. पगारावरच्या टीडीएसबद्दल सीबीडीटी जी परिपत्रकं काढते त्यांतही हे वाक्य येतं. सीए बहुतेकदा ‘परदेशी पेन्शन’ एवढंच बघतात, म्हणून हा घोळ.

पण सरसकट नाही. सल्लागार म्हणून मिळालेली फी यात येत नाही. ऑक्सफॅम, एमएसएफ वगैरे स्वयंसेवी संस्था यूएन नव्हेत, त्यांच्या पैशाला हे परिपत्रक लागू नाही. पतीच्या वा पत्नीच्या नावे येणारी फॅमिली पेन्शन असेल तर वेगळा सल्ला घ्या, परिपत्रकात शब्द ‘माजी अधिकारी’ आहे.

करमुक्त म्हणजे विवरणपत्रात दाखवायची नाही असं नव्हे. एक्झेम्प्ट इन्कमच्या शेड्यूलमध्ये दाखवा. आयटीआर-१ तुम्हाला चालणार नाही, कारण परदेशी खातं आहे. आयटीआर-२ भरा. शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यांत) क्रेडिट युनियनचं खातं तक्ता ए-१ मध्ये जातं: खातं उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वात जास्त शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक, व्याज. इथेच बहुतेक चुकतात. हे वर्ष एप्रिल-मार्च नसतं, जानेवारी-डिसेंबर असतं. २०२५-२६ च्या आकारणी वर्षासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४. दर स्टेट बँकेचा टीटी बाइंग (बँक परकीय चलन विकत घेते तो), त्या त्या तारखेचा. पेन्शन जमा झाल्या दिवशीच सर्वाधिक शिल्लक असते, तेव्हा स्टेटमेंटवर ती तारीख आधी गाठा. खात्यावरचं व्याज मात्र करपात्र.

न दाखवल्यास काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही, पण दाखवायची जबाबदारी तशीच राहते.

माहुलीघाट:
दोघांचेही आभार! चौथा प्रश्न?

टांगानिका:
घाई करू नका, रुपया घसरताना तोटा होऊ शकतो. रुपयाच्या ट्रॅकचा पाया निवृत्तीच्या महिन्यापर्यंतच्या ३६ महिन्यांच्या सरासरी दराने ठरतो, पुढे भारतातल्या महागाईप्रमाणे वाढतो. दर तिमाहीला त्याची डॉलर ट्रॅकच्या रुपयांतल्या रकमेशी तुलना होते आणि जास्त असेल ती मिळते. मेख अशी की १ जुलै १९९५ पासून पुढे निवृत्त झालेल्यांना डॉलरची बाजू वर गेली तरी सहसा रुपया ट्रॅकच्या ११० टक्क्यांपुढे मिळत नाही. डॉलर ट्रॅकवर ही मर्यादा नाही.

तेव्हा आधी फंडाच्या वेबसाइटवरच्या अंदाज काढायच्या सोयीत तुमची निवृत्तीची तारीख घालून दोन्ही आकडे शेजारी मांडा. तरी घेतलात, तर राहण्याचा पुरावा द्यावा लागेल, आणि अ‍ॅपवरचं प्रमाणपत्र भारतात असतानाच, फोनचं लोकेशन चालू ठेवून काढा. मुलांकडे परदेशी गेल्यावर केलंत तर अडेल.

हिशेबनीस:
जोड: डॉलर इथेच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं (रहिवाशांसाठीचं परकीय चलन खातं) उघडा. परदेशी मालकाकडून येणारी पेन्शन त्यात जमा करता येते, आणि ते खातं भारतातल्याच बँकेत असल्याने शेड्यूल एफएमध्ये जात नाही. अमेरिकेतलं खातं ठेवणार असाल तर डब्ल्यू-८बेन फॉर्मची (आपण अमेरिकेचे करदाते नाही हे बँकेला सांगणाऱ्या फॉर्मची) मुदत बघा. तो संपला की व्याजातून तिथे २४ टक्के कापून घेतात.