न्यूपोर्ट १९६५: डिलनवर लोक चिडले ते नक्की कशाने?

तारसप्तक
परवा अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनवरचा तो २०२४ चा सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. रॉक अँड रोलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण कुठला असं विचारलं की कुणी वुडस्टॉक म्हणतं, कुणी १९८५ च्या लाइव्ह एडमधलं क्वीन म्हणतं, पण मला विचाराल तर २५ जुलै १९६५ ची रात्र, अमेरिकेतला न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल (फोक म्हणजे लोकसंगीताच्या वळणाची, साध्या गिटारवरची गाणी). दोनच वर्षांपूर्वी, १९६३ ला ह्याच फेस्टिव्हलमध्ये हा पोरगा पीट सीगर आणि जोन बाएझ ह्या नावाजलेल्या फोक गायकांच्या बरोबर एका रांगेत उभा राहून नागरी हक्क चळवळीचं गाणं म्हणत होता, अख्ख्या फोकवाल्यांचा लाडका. आणि आता वय वर्षं २४, अंगात लेदर जॅकेट, गळ्यात स्ट्रॅटोकास्टर म्हणजे चक्क इलेक्ट्रिक गिटार, बाजूला माइक ब्लूमफील्डची गिटार, अल कूपरचा ऑर्गन, तीन गाणी दणादण वाजवली आणि आत निघून गेला. लोकांनी हुर्यो उडवली. ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांच्याच समोर, त्यांना न विचारता स्वतःचा रस्ता बदलायचा ह्याला छाती लागते राव. म्हणून माझ्यासाठी तो क्षण सगळ्यात वर.

मिक्सरवाला
मी वीस वर्षं लाइव्ह साऊंड करतोय, लग्नातल्या ऑर्केस्ट्रापासून कॉलेजच्या रॉक शोपर्यंत, त्यामुळे ते रेकॉर्डिंग ऐकताना मला क्रांती-बिंती नंतर, आधी बॅलन्स ऐकू येतो. विचार करा, सगळी सिस्टीम एक माणूस, एक लाकडी गिटार आणि एक आवाज ह्यासाठी लावलेली, त्यात अचानक ड्रम्स आणि अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे डबे) फुल आवाजात, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कळायला आज असतात तसे मॉनिटर नाहीत, मग शब्द बुडणारच. आणि डिलनकडे लोक येत होते ते शब्दांसाठीच ना? पीट सीगरने कुऱ्हाड घेऊन केबल तोडली ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तो स्वतः पुढे हेच सांगत राहिला की शब्द ऐकूच येत नव्हते त्याचा राग होता, कुऱ्हाड असती तर केबल तोडली असती असं तो म्हणाला होता, तोडली नव्हती. दुसरं म्हणजे लांबून लांबून आलेल्या लोकांना ज्याच्यासाठी आले तो पाव तासात गायब! ओरडणारच. निवेदन करणारा फोक गायक पीटर यारो माइकवर येऊन लोकांना शांत करत होता, मग डिलन साधी गिटार घेऊन परत आला आणि अजून दोन गाणी म्हटली, हे कुणी सांगतच नाही.

आणि सिनेमात न्यूपोर्टला कुणीतरी 'जूडास' (येशूला दगा देणारा शिष्य, म्हणजे गद्दार) ओरडतो ते तिथलं नाहीच. ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला झालं, १७ मे १९६६.

तारसप्तक
साऊंडचं मान्य, तुमचा धंदा आहे तो. पण मग २८ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये फॉरेस्ट हिल्सला काय झालं? तिथे तर पूर्ण कार्यक्रम होता, अर्धा साध्या गिटारवर आणि अर्धा बँडसोबत, तरीही दुसऱ्या अर्ध्यात बोंबाबोंब. पुढे महिनोन् महिने तेच, शेवटी ड्रमर लेव्हॉन हेल्म ह्या रोजच्या शिव्यांना कंटाळून १९६५ संपायच्या आतच दौरा सोडून गेला. प्रत्येक गावात साऊंडच वाईट होता असं नाही म्हणता येणार.

रेवा
मला तुम्हा दोघांचंही पटत नाहीये, कारण ह्या चर्चेत एक बाई कायम राहून जाते. सिस्टर रोझेटा थार्प. १९१५ चा जन्म, चर्चमधली गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची, आणि रॉक अँड रोल हे नाव लोकांच्या तोंडी बसायच्या कितीतरी आधीपासून. मे १९६४ मध्ये ती मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी वाजली, ती एका फलाटावर, प्रेक्षक रुळांच्या पलीकडच्या फलाटावर, वरून पाऊस. कोट घातलेली, जवळपास पन्नाशीची बाई, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात आणि काय सोलो वाजवलाय! बघितलं नसेल तर बघाच, माझ्या अंगावर अजून काटा येतो. हा माझा सगळ्यात मोठा क्षण. आणि तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं कधी, तर २०१८ ला, मरून ४५ वर्षं झाल्यावर. डिलनने वायर जोडली तर इतिहास आणि तिने आयुष्यभर जोडली तर तळटीप, हे मला खरंच लागतं.

बेसवाला
रेवा +१. अजून एक, त्या रात्री डिलनच्या मागे बेसवर जेरोम आर्नल्ड आणि ड्रम्सवर सॅम ले होते, दोघंही काळे, दोघंही आधी हाउलिन वुल्फ ह्या ब्लूज गायकाकडे वाजवून तयार झालेले. म्हणजे स्टेजवरचा तो 'नवा' आवाज शिकागोच्या ब्लूजमधूनच, म्हणजे काळ्या लोकांच्या संगीतातूनच उचललेला होता. आणि ते दोघं ज्या पॉल बटरफील्डच्या बँडमधले, तो बँड त्याच फेस्टिव्हलमध्ये इलेक्ट्रिक वाजला होता, त्यांची ओळख लोकगीतं जमवणाऱ्या अॅलन लोमॅक्सने खवचटपणे करून दिली म्हणून डिलनचा मॅनेजर ग्रॉसमन आणि लोमॅक्स ह्यांची मातीत लोळेपर्यंत मारामारी झाली. वायर काय डिलनने पहिल्यांदा जोडली नाही.

तारसप्तक
रेवा, तो व्हिडिओ आत्ता पाहिला. तीनदा. 'पहिला' वगैरे माझ्या डोक्यात होतंच थोडंसं, ते चूक. पण तुम्ही सांगितलं त्यातूनच एक सुचलं, गाव तेच बघा. १९६४ ला मँचेस्टर इलेक्ट्रिक गिटारला टाळ्या वाजवतं आणि दोन वर्षांनी तेच मँचेस्टर डिलनला जूडास म्हणतं. म्हणजे राग गिटारचा नव्हताच, आपला माणूस आपल्या हातातून गेला ह्याचा होता.

रेवा
हो, पण तिला टाळ्या मिळाल्या त्याही जुन्या अमेरिकेतून आलेली पाहुणी म्हणूनच ना, अख्खं स्टेशन जुनाट अमेरिकन दिसावं म्हणून सजवलं होतं. तिने उद्या वेगळं काही वाजवलं असतं तर तुमच्या डिलनसारखी चर्चा साठ वर्षं चालली असती? मला नाही वाटत.

मिक्सरवाला
मँचेस्टरचं रेकॉर्डिंग १९९८ ला अधिकृत निघालं, काल रात्री हेडफोन लावून परत ऐकलं. ती आरोळी, मग लोकांचा गलका, मग डिलन म्हणतो माझा विश्वास नाही, तू खोटारडा आहेस, मागे वळून बँडला सांगतो जोरात वाजवा आणि स्नेअर ड्रमचा जो फटका पडतो तो. आवाज स्वच्छ आहे, शब्द न् शब्द कळतो, तेवढ्यापुरतं तारसप्तक तुमचं बरोबर. पण हॉलमध्ये बसलेल्यांच्या कानावर ते रेकॉर्डिंग पडत नव्हतं, अॅम्प पडत होते.