खिचडी वेळेत पोचते का हे सिम्युलेशनने कळतं का?

गोदाकाठ२२:
फायनल इयरच्या प्रोजेक्टला शालेय पोषण आहार घेतलाय. नाशिक शहरातलं एक सेंट्रल किचन धरलं, तिथून टेम्पो सिडको, पंचवटी, नाशिकरोडच्या शाळांना जातात, मधल्या सुट्टीच्या आत खिचडी पोचते का बघायचं. पायथनमधे सिमपाय (सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर नक्कल करायची लायब्ररी) वापरून मॉडेल केलं, रस्त्याचा वेळ मॅपवरून सरासरी घेतला. माझ्याकडे एकही शाळा लेट होत नाहीये आणि सर नुसते हसले. कुठं चुकतंय?

सातपूरकर:
सरासरी घेतलीस तिथंच फसलास भावा. द्वारका सर्कलला आज १० मिनिटं तर उद्या ३५, त्याची सरासरी कुठल्याच दिवशी खरी नसते. एका आकड्याऐवजी कमीत कमी ते जास्तीत जास्त अशी रेंज दे, मॉडेल हजार दिवसांसाठी पळव आणि रूटवरची शेवटची शाळा बघ, कारण पहिल्या शाळेत गेलेली ५ मिनिटं पुढच्या सगळ्यांच्या बोकांडी बसतात. आणि एक आठवडा टेम्पोत बसून वेळा लिही, त्याशिवाय तुझं मॉडेल म्हणजे व्हिडिओ गेम. घड्याळ पण डबा झाकल्यापासून सुरू कर, टेम्पो निघाल्यापासून नाही, अन्न ६० अंशांच्या खाली गेलं की जंतू वाढायला लागतात.

पाचवी_ब_च्या_बाई:
अरे, टेम्पो गेटवर आला म्हणजे पोरांनी खाल्लं का? आमच्याकडे ड्रायव्हर एकटाच येतो, भरलेला डबा दोघांशिवाय उतरत नाही, मग मदतनीस ताई हातातलं टाकून पळतात, मग आम्ही चव घ्यायची, वहीत नोंद करायची, त्यानंतर वाटप. १८० पोरं आणि पळ्या दोन!! शेवटच्या रांगेतलं पोरगं पहिला घास घेतं तेव्हा घंटा होते. धो धो पाऊस असला की हजेरी निम्मी, खिचडी मात्र पटाप्रमाणे. तुझ्या मॉडेलमधे पाऊस आहे का?

पेठकर:
आमच्या पेठ तालुक्यात शाळेतच शिजतं, बचत गटाच्या बाया करतात, टेम्पोची भानगडच नाही. पहिली ते पाचवीला पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०, म्हणजे पोतं कधी संपणार हे वहीवरच निघतं, त्याला सिम्युलेशन कशाला. पुढचं पोतं आणि सिलिंडर कधी येणार हे मात्र कोणीच सांगू शकत नाही, ते घाल रँडम.

गोदाकाठ२२:
मॅडम, पाऊस नव्हता, आता टाकतो. तुमचं वाचून आधी पळ्या टाकल्या. एका ताटाला १० सेकंद धरले तरी १८० पोरांना दोन पळ्यांनी १५ मिनिटं जातात, तीन केल्या तर १०. इथं मी आठवडाभर रूट बदलून बदलून ४ मिनिटं वाचवत बसलो होतो 🤦 गुरुवारी टेम्पोत बसायची परवानगी मिळालीय, सकाळी साडेसहाला बोलावलंय, डबा उतरवायला पण हात लावावा लागेल म्हणालेत.

पाचवी_ब_च्या_बाई:
जुने कपडे घालून जा. डाळीचं पाणी सांडतं.