हॅम रेडिओची एंड-फेड वायर अँटेना: पुण्याच्या वेताळ टेकडीवर एसडब्ल्यूआर काही केल्या उतरत नाहीये

काठीवाला:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झ) हाफवेव्ह एंड-फेड केलाय, म्हणजे अर्ध्या वेव्हलेंथची, एका टोकाला जोडलेली अँटेना, २१ मीटर साधी पीव्हीसी वायर, टोकाचे जास्तीचे ओहम ५० वर आणायला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर घरीच गुंडाळला, प्रायमरी २ वेढे सेकंडरी १४, कोअर (वेढे घालायची रिंग) जुन्या पीसीच्या पॉवर सप्लायमधून काढलेला पिवळा-पांढरा. रविवारी पहाटे टेकडीवर गेलो, मासे पकडायच्या काठीला वायर टांगली, रिग (रेडिओ सेट) ५ वॅटची, आणि नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना रिगशी किती जुळत नाही त्याचा आकडा (१ म्हणजे उत्तम), ५ च्या खाली येतच नाही. वर रिगला हात लावला की आकडा नाचतो. फिरायला आलेले एक काका "मोबाईलचा टॉवर का हो?" विचारून गेले, दिवसभरातला तेवढाच क्यूएसओ (संपर्क). ४९:१ ऐवजी ९:१ चा ट्रान्सफॉर्मर लावून बघू का?

भंगारप्रेमी:
९:१ नको रे बाबा. तो ४५० ओहमच्या आसपासच्या रँडम (कुठल्याही बँडला न मापलेल्या) वायरसाठी असतो आणि मागे जुळवून घ्यायला ट्यूनर लागतोच. तुझी वायर ४० वर जवळजवळ अर्धी वेव्हलेंथ आहे, म्हणजे टोकाला दोन-तीन हजार ओहम, नऊने भागून कुठे पोचणार? तो खटाटोप करायचाच असेल तर १२.५ मीटरची वायर घे, ती ४० वर अर्ध्या वेव्हलेंथपासून लांब राहते.
आधी एक कर. वायर काढ आणि तिच्या जागी २.२ के आणि २२० ओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लाव, सेकंडरी आणि ग्राउंडच्या मधे. २४२० झाले, ५० गुणिले ४९ म्हणजे २४५०, चालतंय. वायरवाउंड घेऊ नकोस. मग एसडब्ल्यूआर बघ. घरात टेबलावर बसून होतं, टेकडी चढायची गरज नाही.

काठीवाला:
बघितलं, रेझिस्टरवर १० च्या आसपास!! म्हणजे वायरीचा दोषच नाही?

जुनी_व्हॉल्व्ह:
कोअरचा दोष. पिवळा-पांढरा म्हणजे आयर्न पावडर, पॉवर सप्लायच्या चोकसाठी बनलेला, पर्मिअ‍ॅबिलिटी (चुंबकीय क्षमता) ७५. आपल्याला लागतो ४३ नंबरचा फेराइट, ८०० च्या आसपास. २ वेढ्यांचं इंडक्टन्स पिवळ्यावर इतकं कमी पडतं की प्रायमरी जवळजवळ शॉर्टच होते. माझ्याही पहिल्या ट्रान्सफॉर्मरची हीच कथा, शिवाय मी आठवडाभर वायर कापत बसलो होतो! पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वायर आणि बीएनसी कनेक्टर मिळून जातील, पण कोअर घेताना मिक्सचा (मटेरियलचा) नंबर माहीत असल्याशिवाय पैसे देऊ नका, फेराइट दिसायला सगळे सारखेच.
आणि प्रायमरीवर १०० पीएफचा कपॅसिटर टाका, १५ आणि १० मीटर बँडला फरक पडतो.

भंगारप्रेमी:
हात लावल्यावर आकडा नाचतो ते वेगळं दुखणं. काउंटरपॉइज, म्हणजे करंटला परतीची वाट देणारी वायर, दिलाय का? नसेल तर कोॲक्स केबलच्या बाहेरूनच करंट वाहतोय आणि शेवटी तुझा हात. २ मीटर वायर ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला लावून जमिनीवर टाक, आणि रिगजवळ तो करंट अडवायला कोॲक्सचा चोक, आरजी-१७४ या बारीक केबलचे फेराइटवर १०-१२ वेढे.

काठीवाला:
नवा कोअर आला, रेझिस्टरवर आता १.३. चोक पण लावला, हात लावून काही होत नाही. टेकडीवर वायर टांगल्यावर एसडब्ल्यूआरचा खड्डा (सगळ्यात कमी आकडा) मात्र ६.८ ला. कापू?

जुनी_व्हॉल्व्ह:
कापू नका हो! २१ गुणिले ६.८ भागिले ७.१, म्हणजे २०.१. टोकाकडून ९० सेंटीमीटर मागे दुमडा आणि मूळ वायरीलाच घट्ट पिळून ठेवा, आखूड केल्यासारखंच होतं. काठी थोडी खाली आली तरी खड्डा सरकतो, तेव्हा कात्री बॅगेतच राहू द्या.

काठीवाला:
दुमडली. ७.०८ वर १.४, आणि २० मीटर बँड फुकटात मिळाला.