गाठीतला डीएनए मोजून माणूस किती जगेल ते कळतं का?

सेलूची_लेक:
आमचे अण्णा ६४ वर्षांचे, सेलूजवळ शेती. जन्मभर बिडी. संभाजीनगरला बायोप्सी झाली, फुफ्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचा एक प्रकार, निघाला. चुलतभावानं एक जुना शोधनिबंध पाठवला. गाठीच्या पेशींत डीएनए कमी-जास्त असला, म्हणजे 'ॲन्युप्लॉइड' असला, तर पेशंट कमी जगतो म्हणे. तेव्हापासून आईनं जेवण सोडलंय. ही तपासणी करावी का?

पॅथॉलॉजिस्ट_लातूर:
ताई, आधी आईला जेवू घाला.

निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रं, त्यामुळं डीएनएचं माप ठरलेलं. कॅन्सरच्या पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी बिघडते अन् माप हलतं. फ्लो सायटोमेट्रीत डीएनएला चिकटणारा रंग देऊन एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात, चमक मोजतात. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून जपतात, त्याला ब्लॉक म्हणतात. १९८३ साली अशा ब्लॉकमधल्या जुन्या गाठींवरही हे करायची रीत निघाली. मग कपाटातले ब्लॉक काढून, ते पेशंट पुढं किती जगले याच्याशी ताडून बघणं जोरात सुरू झालं. भावाला सापडलेला निबंध बहुधा त्याच काळातला.

काही संशोधकांना फरक दिसला, काहींना नाही. एकाच गाठीच्या दोन टोकांना माप वेगळं निघू शकतं. नमुन्यात निरोगी पेशीही मिसळतात. अन् दिसलेला फरक गटाचा असतो, त्यातून अण्णांचे महिने निघत नाहीत. उपचार ठरवायला आम्ही ही तपासणी मागत नाही.

तुम्ही स्टेज विचारा, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय ते. ईजीएफआर, एएलके (ही जनुकं) अन् पीडी-एल१ (हे प्रथिन) या गाठीवरच्या तपासण्या विचारा. ईजीएफआरमध्ये बदल सापडला तर त्यावर गोळ्या आहेत. बिडी ओढणाऱ्यांत तो कमी सापडतो, पण सापडतो. 'बिडीवाल्याला कशाला' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

परभणीकर:
या तपासण्यांसाठी ब्लॉक मागून घ्या, ताई. आमच्या मामांच्या वेळी तो वेळेत मिळाला नाही अन् पुन्हा सुई टोचावी लागली. लई त्रास झाला त्यांना.

सेलूची_लेक:
डॉक्टरसाहेब, आईला वाचून दाखवलं. दोन घास खाल्ले. कॅन्सर कुठं पसरलाय ते बघायचा पेट स्कॅन गुरुवारी आहे. ब्लॉक आधी मागू का नंतर?

पॅथॉलॉजिस्ट_लातूर:
आधीच. सोबत स्लाइड अन् रिपोर्टची प्रतही घ्या. ब्लॉक गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. बिडी आजपासून बंद. ऑपरेशन ठरलं तर भूल झेपायला सोपं जाईल. अन् अण्णांना स्वतःला काय झालंय ते सांगितलंय का?

सेलूची_लेक:
नाही अजून. आज रात्री सांगते.