मदत हवी आहे: मॉडेल काढायचं आणि तेच चालवायचं, हे प्रत्यक्षात जमतं का?

काटापट्टी (धागाकर्ता), नागपूर

नमस्कार मंडळी.

परसोडीच्या आयटी पार्कजवळ आमची छोटी कंपनी आहे. बाजार समितीतल्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. बहुतेक गिऱ्हाईक कळमन्याचं, थोडं आजूबाजूच्या तालुक्यांतलं. काम वरवर सरळ दिसतं: गेटवर आवक नोंदवायची, ढीग लागला की हर्रास, मग काटा, मग हमाली-तोलाईचा हिशोब करून शेतकऱ्याची पट्टी, आणि खरेदीदाराकडची वसुली मागाहून चालू. गोम अशी की हा क्रम प्रत्येक मालाला थोडा वेगळा. संत्र्याचा भाव टनावर बोलतात, सोयाबीनचा क्विंटलवर. सोयाबीनमध्ये ओलावा जास्त निघाला की काट्यानंतरही घासाघीस होते, म्हणजे झालेला सौदा पुन्हा उघडतो. संत्र्यात एकाच गाडीचा माल प्रतवारी करून दोन-तीन खरेदीदारांकडे जातो. आणि प्रत्येक अडत्याचा मुनीम म्हणतो, "आमच्याकडं असं नाही चालत."

हे सगळं कोडमध्ये 'स्टेटस' नावाच्या एका रकान्याभोवती इफ-एल्स लावून उभं आहे. नियम बदलला की कुठं कुठं हात घालायचा हे दोघांनाच ठाऊक असतं, आणि त्यातला एक रजेवर असतो. उदाहरण देतो. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. वाक्य एका ओळीचं, पण असा एक बदल पट्टी, बिल, खातेवही आणि सगळे अहवाल हलवून सोडतो.

आता आमच्यात एक नवा भागीदार आलाय, पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करून परतलेला. त्याचं म्हणणं, प्रत्येक मालाचं स्टेट मशीन (म्हणजे कोणत्या अवस्थेतून कोणत्या घटनेनं कुठं जायचं याचं चित्र) काढा आणि ते चित्रच चालवा, कोड लिहूच नका. मला कल्पना पटते, भीतीही वाटते. चित्रावरून कोड तयार करून घ्यायचा, की चित्र वाचून चालवणारं इंजिन घ्यायचं? दोघांनी एकच चित्र बदललं तर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ते जुळवायचं कसं? हंगाम चालू असताना मॉडेल बदललं तर अर्ध्यावर असलेल्या पट्ट्यांचं काय? आणि उद्या नवा पोरगा कामावर घेतला तर त्याला हे शिकवायचं कोणी?

विकणाऱ्यांची माहितीपत्रकं वाचून झाली आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष वापरून पाहिलं त्यांनी लिहावं ही विनंती.

---

जुना_आराखडा

तुमच्या भीतीला इतिहास आहे. १९९७ मध्ये यूएमएल ही सॉफ्टवेअरची चित्रं काढायची भाषा प्रमाण झाली आणि २००१ मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं एमडीए ही पद्धत जाहीर केली: आधी तंत्रज्ञानाशी संबंध नसलेलं मॉडेल, त्यातून विशिष्ट प्लॅटफॉर्मचं मॉडेल, त्यातून कोड. आमच्या तेव्हाच्या कंपनीनं त्यासाठी महागडं टूल घेतलं. हाती आले वर्गांचे (क्लासचे) सांगाडे आणि गेटर-सेटर, म्हणजे माहिती वाचायची-भरायची किरकोळ फंक्शनं. खरी वागणूक लोक त्या सांगाड्यात हातानं भरत. पुढच्या वेळी कोड पुन्हा तयार केला की 'या खुणांच्या आत लिहिलेलं सुरक्षित राहील' हे आश्वासन कधी टिकायचं, कधी नाही. काही महिन्यांत चित्रं भिंतीवर आणि कोड आपल्या वाटेनं.

माझ्या मते मूळ दुखणं टूलपेक्षा खोल होतं. तेव्हाच्या यूएमएलमध्ये चित्र चालवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हेच पुरेसं ठरलेलं नव्हतं. ते काम नंतर झालं. यूएमएलचा नेमका अर्थ लावलेला छोटा गाभा, एफयूएमएल, २०११ मध्ये आला आणि त्याला जोडून लिहायची अल्फ ही मजकुरी भाषा २०१३ मध्ये.

पण चालणाऱ्या मॉडेलची कल्पना यूएमएलपेक्षा जुनी आहे. श्लेअर-मेलर ही मॉडेल मांडायची पद्धत १९८८ पासूनची. तिच्यातूनच पुढे एक्झिक्युटेबल यूएमएल निघालं आणि ब्रिजपॉइंट हे त्याचं साधन आता मुक्तस्रोत आहे. त्यात वर्ग, प्रत्येक वर्गाचं स्टेट मशीन आणि प्रत्येक अवस्थेत काय करायचं ते सांगणारी छोटी कृतिभाषा एवढंच असतं. डेटाबेस कोणता, एकाच वेळी चालणारे धागे (थ्रेड) किती, संदेश कसे पाठवायचे, हे मॉडेलमध्ये येतच नाही. ते मॉडेल कंपायलरच्या, म्हणजे मॉडेलवरून कोड तयार करणाऱ्या साधनाच्या नियमांत. तयार झालेल्या कोडला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला आणि शेवटचा नियम. चूक दिसली तर मॉडेल तरी सुधारा, नाहीतर कंपायलरचे नियम. सी भाषेत लिहिणारा माणूस कंपायलरनं काढलेल्या असेंब्लीत (यंत्राजवळच्या भाषेत) जाऊन दुरुस्ती करत नाही, तसंच हे. हे पथ्य तुमच्या टीमला पाळता येणार नसेल तर कोड तयार करण्याच्या फंदात पडू नका.

जाता जाता, हे सगळं परदेशातच झालं असं नाही. टीसीएसच्या पुण्यातल्या टीआरडीडीसी संशोधन केंद्रात मॉडेलवरून व्यावसायिक सॉफ्टवेअर तयार करायचं काम नव्वदच्या दशकापासून झालं, मास्टरक्राफ्ट हे त्यांचं टूल त्यातूनच आलं.

---

स्टिअरिंग

तुमच्या भागीदाराच्या क्षेत्रातच आहे, म्हणून लिहितो. सिम्युलिंक-स्टेटफ्लो या चित्रातून मॉडेल काढायच्या टूलमधून सी भाषेतला कोड तयार करणं आमच्याकडं रोजचं आहे, त्यात आता कोणाला नवल वाटत नाही. पण ते का जमतं ते पाहा. क्षेत्र अरुंद: सेन्सर येतो, गणित होतं, मोटर फिरते. शिवाय मॉडेल संगणकावरच चालवून तपासायचं, मग त्यातून निघालेला कोड त्याच चाचण्यांवर चालवायचा आणि दोन्हींचे निकाल जुळवायचे, मग खऱ्या कंट्रोलरवर तेच पुन्हा. आयएसओ २६२६२ हे सुरक्षेचं मानक २०११ मध्ये आल्यापासून इतक्या कडक तपासणीला पर्यायच उरला नाही. आमचा फायदा चित्रापेक्षा या पायऱ्या-पायऱ्यांच्या तपासणीत आहे. कोड लिहायच्या आधी वागणूक चालवून बघता येते, ही खरी कमाई.

गिटचं दुखणं आमच्याकडंही आहे. मॉडेलची फाइल म्हणजे आत एक्सएमएल भरलेली झिप. गिटला त्यातलं काही कळत नाही. वेगळं तुलना-टूल लागतं, आणि तरीही दोघांनी एकाच वेळी एका चार्टला हात लावायचा नाही असा अलिखित नियम आहे. चित्रातही कोडइतकाच गुंता करता येतो, बाणांवर बाण. परवान्यांची किंमत तुमच्यासारख्या कंपनीला झेपेलसं वाटत नाही.

---

तर्री_पोहे

काहून एवढा कुटाणा करून राहिले भाऊ? पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक टेबल टाका: आताची अवस्था, घटना, अट, पुढची अवस्था. वरून ते वाचणारं छोटंसं फंक्शन. झालं तुमचं एक्झिक्युटेबल मॉडेल. मुनिमाला दाखवायचं तर त्यातूनच ग्राफविझ या आकृत्या काढणाऱ्या टूलनं चित्र काढा. आम्ही कोळशाच्या ट्रकांच्या गेटपासचं असंच करून राहिलो, मस्त चालते.

---

काटापट्टी

@तर्री_पोहे: खरं सांगू, माझा पहिला विचार हाच होता. पण कागदावर मांडताना अडलो. पट्टीच्या पाच अवस्था, माल उचलण्याच्या तीन, पैशांच्या चार. ही तिन्ही कामं एकमेकांची वाट न बघता चालतात. खरेदीदारानं माल उचलला, पैसे अर्धे दिले, पट्टी अजून कच्चीच, असं रोज होतं. सपाट टेबलात साठ जोड्या होतात.

---

तर्री_पोहे

हा, मग नाही जमत. आमचा ट्रक एका वेळी एकाच जागी असते.

---

जुना_आराखडा

हेच १९८७ मध्ये डेव्हिड हॅरेल यांनी सोडवून ठेवलंय. स्टेटचार्टमध्ये अवस्थेच्या पोटात अवस्था असते आणि समांतर कप्पे असतात. तुमचं पाच, तीन आणि चार मिळून बाराच अवस्था काढाव्या लागतील, साठ नाहीत. कप्प्यांमधला दुवा अटींनी सांगायचा, उदाहरणार्थ 'पट्टी पक्की झाल्याशिवाय खातं बंद नाही'. त्याचं मजकुरी रूपही प्रमाण झालंय: डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं एससीएक्सएमएल २०१५ मध्ये मान्य केलं. जावास्क्रिप्टमध्ये काम करत असाल तर एक्सस्टेट ही लायब्ररी त्याच वळणाची आहे. मॉडेल मजकुरात ठेवा आणि चित्र त्यावरून काढून घ्या. उलटं करू नका. गिटचा प्रश्न तिथंच संपतो.

---

मंजुरी_प्रलंबित

मी विमा क्षेत्रात बीपीएमएन (कामाच्या पायऱ्यांची चित्रं काढायचं मानक) चालवणाऱ्या इंजिनवर काम केलंय, थोडी दुसरी बाजू. बीपीएमएन २.० हे २०११ मध्ये आलं आणि त्यात चित्राबरोबर ते चालवायचे नियमही ठरवलेले आहेत. एखादा दावा आत्ता कुठं अडलाय ते त्याच चित्रावर दिसतं, आणि साहेबलोक यावरच भाळतात. आता जे माहितीपत्रकात नसतं ते.

व्यवसायातली माणसं स्वतः चित्र बदलतील असं सांगितलं जातं. मी तरी बदलताना पाहिलं नाही. वाचतात मात्र, आणि बोट ठेवून चूक दाखवतात. तेवढ्यावरही पैसे वसूल होतात असं माझं मत.

दुसरं तुमच्या अर्ध्यावरच्या पट्ट्यांचं. कामुंडा ७ सारख्या इंजिनात सुरू झालेली प्रक्रिया ज्या आवृत्तीवर सुरू झाली त्याच आवृत्तीवर संपते. नवीन फक्त नव्यांना लागू. चालू असलेल्यांना हलवायची सोय आहे, पण कोणती जुनी पायरी कोणत्या नव्या पायरीशी जुळते ते तुम्हालाच सांगावं लागतं. तुमच्या बाबतीत आवृत्त्या जगू देणंच बरं. कालच्या हर्रासाला कालचाच नियम लागला पाहिजे, हिशोबाच्या दृष्टीनंही.

तिसरं, दर आणि टक्केवारी चित्रात घालू नका. हमालीचा दर बदलला म्हणून नवं मॉडेल तैनात करणारी टीम मी पाहिली आहे. दर म्हणजे डेटा: रक्कम, कोणत्या तारखेपासून, कोणत्या मालाला. २०१६ ची अडतसुद्धा 'कोणाकडून' हा रकाना त्याच तक्त्यात असता तर बरीचशी तिथंच मिटली असती. अटी फारच वाढल्या तर निर्णयांच्या तक्त्यांसाठी डीएमएन हे वेगळं मानक आहे.

इंजिन निवडताना ते किती वर्षं जगणार तेही बघा. कामुंडा ७ ची मुक्त आवृत्ती २०२५ मध्ये थांबली. फ्लोएबल हे त्याच प्रकारचं इंजिन अजून मुक्तस्रोत आहे. पण तुमच्या कामाला स्टेटचार्ट जास्त शोभेल. तुमच्याकडं पायऱ्यांपेक्षा घटना जास्त आहेत, आणि त्या केव्हाही येतात.

---

काटापट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. भागीदाराला धागा वाचायला दिला, तो 'पायऱ्या-पायऱ्यांची तपासणी' यावर खूश आहे.

सध्या असं ठरतंय. फक्त संत्रा घ्यायचा. स्टेटचार्ट मजकुरात, गिटमध्ये. कोड तयार करायचा नाही, ते वाचून चालवायचं. दर वेगळ्या तक्त्यात, तारखेसह. आणि मागच्या आंबिया बहाराच्या सगळ्या नोंदी क्रमानं नव्या मॉडेलला खाऊ घालायच्या. जुन्या पट्ट्यांशी पै न् पै जुळलं तरच पुढे मृग बहाराला खरा वापर. सोयाबीन सर्वांत शेवटी, तिथला उघडा-बंद सौदा बघून आत्ताच डोकं दुखतं.

एक प्रश्न उरतो. यार्डात नेट जातं. काट्यावरचा टॅब नोंद साठवून ठेवतो आणि तासाभरानं पाठवतो. तोवर मुनिमानं दुकानात बसून अंदाजे वजनावर कच्ची पट्टी पुढे ढकललेली असते. मग काट्याची घटना अशा अवस्थेत पोचते जिथं तिला कोणी विचारतच नाही. स्टेटचार्ट ती गुपचूप टाकून देतो, हे मी चाचणीत पाहिलं.

---

स्टिअरिंग

गुपचूप टाकून देणं हे बहुतेक स्टेटचार्टांचं ठरलेलं वागणं आहे. आमच्याकडं नियम आहे: ज्या अवस्थेत घटना बसत नाही तिथं ती वेगळ्या खात्यात नोंदवायचीच, आणि त्या खात्यात काही पडलं तर चाचणी नापास.

---

जुना_आराखडा

त्यापुढे दोन गोष्टी. घटनेवर दोन वेळा ठेवा: काटा झाला ती आणि सर्व्हरला पोचली ती. दर पहिल्या वेळेनुसार लावायचा. आणि 'कच्ची पट्टी' या अवस्थेत उशिरा आलेल्या काट्याला सरळ जागा द्या: खरं वजन आलं, फरक काढा, पट्टी 'दुरुस्तीत' गेली. मुनीम हे आजही करतोच, तुमच्या चित्रात ते नव्हतं इतकंच. पट्टी पक्की होऊन शेतकऱ्याच्या हातात गेली असेल तर मात्र तिला हात लावू नका, फरकाची वेगळी नोंद पाडा. आणि एका पट्टीच्या घटना एकामागून एकच चालल्या पाहिजेत, दोन टॅबच्या एकदम नाहीत. त्यासाठी डेटाबेसमधल्या पट्टीच्या ओळीवर आवृत्ती क्रमांक ठेवा आणि जुळला नाही तर घटना पुन्हा रांगेत टाका.

---

काटापट्टी

हे बसतंय. 'दुरुस्तीत' अवस्था आज टाकतो. आमच्या मुनिमांच्या वह्यांत तिला लाल शाईचा गोल असतो, चित्रात पण लालच करतो म्हणजे ओळखतील. संत्र्याच्या जुन्या नोंदी चालवून झाल्या की निकाल इथंच टाकेन.